खड्याचा ठाव: सळईपासून सोनोग्राफीपर्यंत

कमरेतून निघालेली कळ जांघेत उतरते, माणूस गडाबडा लोळतो, घरचे रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. इंजेक्शनानं दुखणं जरा निवतं आणि हातात चिठ्ठी पडते: सोनोग्राफी करून या. मग लिटरभर पाणी प्यायचं, लघवी अडवून धरायची आणि बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट बघायची. समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत फलक असतो: इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. बाकावरच्या पन्नाशीतल्या गृहस्थांचा या मजकुराशी काडीचा संबंध नसतो. हे यंत्र मुळात बाळासाठी, मुतखडा आपला मागून आलेला उपरा, असंच कुणालाही वाटेल.

इतिहास मात्र उलटा आहे. प्रतिध्वनीनं शरीरात काय शोधता येईल याचे पहिले प्रयोग झाले, त्यांत खडा होता; गर्भ नंतर आला. आणि खडा कानानं ओळखण्याची रीत तर या यंत्राहून कितीतरी जुनी आहे. या सगळ्या प्रवासात साधनं बदलली, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे खड्याबद्दल विचारायचा प्रश्न बदलत गेला. आधी प्रश्न होता ‘खडा आहे का?’. मग झाला ‘नेमका कुठे आहे?’. आज तो आहे ‘खडा करतोय काय?’. मागोवा घ्यायचा तो या तीन प्रश्नांचा.

बोट आणि सळई

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावर, स्वतंत्र अध्याय आहे आणि चिकित्सास्थानात तिच्या उपचारांवर दुसरा. कफ, पित्त, वात आणि शुक्र असे तिचे चार प्रकार सांगितले आहेत. औषधांनी भागलं नाही तर शस्त्रकर्म. त्यात खडा शोधायचं साधन म्हणजे वैद्याचं बोट. गुदद्वारातून बोटं घालून मूत्राशयातला खडा खाली आणायचा, तो गाठीसारखा वर उचलला गेला की सेवनीच्या (गुदद्वारापुढच्या शिवणीसारख्या मधल्या रेषेच्या) डाव्या बाजूला, जवाच्या दाण्याएवढं अंतर सोडून छेद घ्यायचा आणि पुढे वाकलेल्या आकड्यानं तो बाहेर काढायचा. उपचार न केल्यास मृत्यू ठरलेला आणि केल्यास जगण्याची शाश्वती नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी, असाही सल्ला दिला आहे. तिकडे ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या शपथेत तर वैद्य खड्यासाठी शस्त्र चालवणार नाही, हे काम करणाऱ्यांसाठी सोडून देईन, असंच म्हणतो.

हा सारा व्यवहार मूत्राशयातल्या खड्याचा. तिथवर बोट पोहोचतं. किडनीतल्या खड्याचा पत्ता मात्र रुग्णाच्या कळेवरून आणि लघवीतल्या रक्तावरून अदमासानंच लावायचा.

युरोपातल्या शल्यकारांनी बोटाच्या जोडीला पोलादी सळई आणली. टोकाशी वाकवलेली ही सळई मूत्रमार्गातून आत सरकवायची आणि हळूहळू फिरवायची. धातू खड्यावर आपटला की हाताला ठोका जाणवतो आणि खोली शांत असेल तर टक् असा आवाजही ऐकू येतो. भूल नसलेल्या त्या काळात चार जणांनी धरून ठेवलेल्या माणसावर सुरी चालवण्याआधी टेबलावरच पुन्हा सळई घालायची आणि खडा जाणवल्याशिवाय छेद घ्यायचा नाही, असा दंडक पडला. यामागे अनुभव होता. लक्षणं खड्याची असावीत, मूत्राशय चिरावं आणि आत काहीच नसावं, ही नामुष्की रुग्णाच्या जिवावर बेतायची. १८२४ मध्ये पॅरिसमध्ये जाँ सिव्हियाल यानं मूत्रमार्गातूनच हत्यार घालून मूत्राशयातला खडा आतल्या आत फोडून दाखवला, तेव्हाही डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हाताला लागणारा खडा हाच पुरावा होता.

चित्र आलं, पण अपुरं

राँटगेनला क्ष-किरण सापडले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. पुढच्याच वर्षी ग्लासगोमध्ये जॉन मॅकिन्टायर यांनी किडनीतल्या खड्याचं क्ष-किरण चित्र घेतलं. जिथे ना बोट पोहोचत होतं ना सळई, तिथला खडा काचेच्या प्लेटवर उमटला. खडा कानानं ओळखण्याचा जमाना संपला, असं वाटण्यासारखीच ही घटना होती.

पण क्ष-किरणांना खड्यातलं कॅल्शियम दिसतं. युरिक आम्लाचा खडा त्यांच्या लेखी जवळजवळ नसतोच. शिवाय प्लेटवर मूत्रवाहिनी दिसत नाही, त्यामुळे ओटीपोटातला पांढरा ठिपका हा खडा की शिरेतला चुन्याचा कण, हा वाद उरतोच. १९२९ मध्ये तरुण अमेरिकन डॉक्टर मोझेस स्विक यांनी जर्मनीत एक आयोडीनयुक्त औषध शिरेतून देऊन मूत्रमार्ग क्ष-किरणांत उजळून दाखवला. आपल्याकडे कित्येक वर्षं ‘आयव्हीपी’ म्हणून जी तपासणी चालली तिचा उगम हा. तिनं बरंच काही कळे, पण किडनी नीट चालत नसेल, औषधाचं वावडं असेल किंवा पोटात मूल असेल, तर हात आखडता घ्यावा लागे.

पाणबुडी, पोलाद आणि पित्तखडे

तोवर आवाजाची दुसरीच वंशावळ दवाखान्याबाहेर वाढत होती. १८८० मध्ये झाक आणि पिएर क्यूरी या भावांना आढळलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो. याच्या उलट परिणामामुळे विजेनं तोच स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धात पॉल लाँजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं असे स्फटिक पोलादी तबकड्यांत बसवून पाण्याखाली कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या आणि पाणबुडीवरून परतणारा प्रतिध्वनी पकडला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांनी हीच युक्ती धातूंवर वापरली. मडकं घेताना टिचकी मारून आपण ते फुटकं नाही ना बघतो, तसं त्यांचं उपकरण पोलादाच्या ठोकळ्यात लपलेली भेग प्रतिध्वनीवरून सांगत असे.

पोलादातली भेग सापडते, तर मांसातला दगड का सापडू नये? बेथेस्डा इथल्या अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेत जॉर्ज लुडविग यांनी हा प्रश्न घेतला. त्यांनी माणसाच्या पित्ताशयातून काढलेले खडे कुत्र्यांच्या शरीरात बसवले आणि धातू तपासायच्या पद्धतीच्या यंत्रानं ते बाहेरून हुडकता येतात का ते पाहिलं. फ्रान्सिस स्ट्रदर्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा अहवाल १९४९ चा आहे. म्हणजे वैद्यकातल्या प्रतिध्वनीच्या अगदी आरंभीच्या कामाचा विषयच खडा होता. मूत्रमार्गातला नव्हे, पित्ताशयातला. पण जात एकच.

लुडविग यांनी आणखी एक मोजमाप केलं. वेगवेगळ्या मऊ ऊतींमधून ध्वनी किती वेगानं जातो याची सरासरी त्यांनी काढली: सेकंदाला १५४० मीटर. जगातली सोनोग्राफी यंत्रं आजही हाच आकडा धरून चालतात. यंत्र प्रत्यक्षात अंतर मोजतच नाही; ते वेळ मोजतं. लहर जाऊन परत यायला सेकंदाचा दहाहजारावा भाग लागला, तर तिनं १५.४ सेंटिमीटरचा फेरा मारला, म्हणजे जिथून ती परतली ती जागा ७.७ सेंटिमीटर खोल आहे. खड्याचा पत्ता असा घड्याळावरून लागतो.

गर्भ या कथेत येतो तो पुढे. जुलै १९५५ मध्ये ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाड्यांत भरून रेनफ्रू इथल्या बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी गोमांसाचा मोठा तुकडाही बरोबर होता. बॉयलरच्या सांध्यांतले दोष शोधणाऱ्या यंत्रानं पाण्यानं भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांतला फरक त्यांना दाखवून दिला. जून १९५८ मध्ये डोनल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि तिथून सोनोग्राफी स्त्रीरोगतज्ज्ञांची झाली.

‘कुठे आहे?’

मूत्ररोगतज्ज्ञांना ती हवी होती ती वेगळ्याच अडचणीपायी. किडनीत खडा आहे हे क्ष-किरणांनी कळलेलं असे. पण शस्त्रक्रियेत किडनी उघड्यावर आली की तो नेमका कुठे आहे, हे सापडत नसे. मुठीएवढ्या रक्ताळ अवयवाच्या कुठल्या कोनाड्यात वाटाण्याएवढा खडा बसलाय ते बोटांनी चाचपडून बघायचं, सुई टोचून बघायचं आणि चुकीच्या जागी चिरलं तर किडनीचा तेवढा भाग गमवायचा. एखादा तुकडा मागे राहिला तर पुन्हा त्याच्याभोवती नवा खडा धरायचा.

१९६१ मध्ये अमेरिकेत श्लेगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किडनीतल्या खड्याची जागा ध्वनिलहरींनी ठरवण्याबद्दलचा लेख मूत्ररोगशास्त्राच्या नियतकालिकात छापला. त्यांचं यंत्र चित्र काढत नव्हतं. पडद्यावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर प्रतिध्वनीची उंच टोकं, एवढंच दिसे. त्या टोकांवरून खडा ओळखणं म्हणजे जाणकाराचंच काम. ही पद्धत फारशी रुळली नाही. पुढची पंधरा वर्षं चित्र सुधारण्यात गेली. टोकांऐवजी ठिपके आले, ठिपक्यांना काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा मिळाल्या आणि चित्र हलतं झालं. १९७७ मध्ये कुक आणि लिटन यांनी दोन मितींचं चित्र दाखवणारं यंत्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर आणलं. आता किडनीवर लहरी सोडणारा प्रोब टेकवायचा, खडा पडद्यावर बघायचा, त्याच्या दिशेनं सुई घालायची आणि सुईच्या वाटेनं छेद घ्यायचा.

तेवढ्यात छेद घ्यायचंच कारण सरत आलं. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या टबात बसवलेल्या रुग्णाचा खडा बाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी फोडला. यंत्र बनवलं होतं डॉर्निए या विमान कंपनीनं. लहरी नेमक्या खड्यावर एकवटायच्या तर त्याची जागा मिलिमीटरात कळायला हवी. त्यासाठी आधी सोनोग्राफी वापरून पाहिली गेली, पण तेव्हाच्या चित्रावर भरवसा ठेवता येईना. शेवटी दोन दिशांनी क्ष-किरण लावूनच काम भागवावं लागलं. पाचेक वर्षांत मात्र चित्र सुधारलं आणि जर्मनीत व फ्रान्समध्ये अशी यंत्रं आली की जी खडा सोनोग्राफीनं शोधत आणि स्फटिकांच्या कंपनांनीच फोडत. क्यूरी बंधूंचा स्फटिक एकाच यंत्रात शोधकही झाला आणि घणही.

पडद्यावर काय दिसतं

किडनीचा बाहेरचा भाग पडद्यावर करडा दिसतो, मधला चरबीचा गाभा पांढुरका. खडा त्या पांढुरक्या भागात असतो, म्हणून त्याचा पांढरेपणा एकट्यानं उपयोगाचा नाही. डॉक्टर बघतात ते त्याच्या मागे. मांसातून खड्यात शिरताना ध्वनीला एकदम घट्ट माध्यम लागतं, बरीचशी लहर मागे फिरते, उरलेली आत जिरते आणि खड्यामागच्या भागाकडून काहीच परत येत नाही. त्यामुळे चंद्रकोरीसारखी एक लखलखीत रेघ आणि तिच्यामागे सरळ, काळीभोर सावली असा जोड दिसतो. आतड्यातल्या हवेमागेही सावली पडते, पण ती मळकट, करड्या रेघांनी भरलेली. स्वच्छ सावली ही खड्याची खूण. इथे खड्याच्या रसायनाशी देणंघेणं नाही. क्ष-किरणांना चकवणारा युरिक आम्लाचा खडाही सावली पाडतो.

उणिवाही याच भौतिकातून येतात. ३.५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोन-तीन मिलिमीटरच्या खड्याची सावली पुसट होते किंवा पडतच नाही. खड्याची कड लहरीत पसरते, म्हणून लहान खडा रिपोर्टात आहे त्याहून मोठा मोजला जातो. मूत्रवाहिनी पंचवीस सेंटिमीटर लांब. तिचं वरचं टोक किडनीच्या आडून दिसतं, खालचं टोक भरलेल्या मूत्राशयातून दिसतं. लघवी अडवून धरायला लावतात ती एवढ्यासाठी. मधला भाग आतड्यातल्या हवेमागे दडलेला.

१९९६ मध्ये एक गंमत नोंदली गेली. रक्ताचा प्रवाह लाल-निळ्या रंगांत दाखवणारा कलर डॉपलर खड्यावर लावला की त्याच्यामागे लाल-निळ्या ठिपक्यांची लुकलुक उमटते. खडा तर जागचा हलत नाही! अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ मध्ये दाखवण्यात आलं की खड्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या चिरांत अडकलेले सूक्ष्म बुडबुडे हे त्याचं कारण असावं. खड्यावर प्रचंड दाब दिला की लुकलुक थांबते. मुळात यंत्राचा दोष असलेली ही गोष्ट आता खडा पकडायची खूण म्हणून वापरली जाते. याच डॉपलरवर मूत्राशयात दोन्ही बाजूंनी अधूनमधून उडणाऱ्या लघवीच्या चिळकांड्या दिसतात. एका बाजूची चिळकांडी येतच नसेल, तर त्या बाजूची वाट अडली आहे, असा संशय घ्यायचा.

फलकाची गोष्ट

हे यंत्र महाराष्ट्रात पसरलं ते वेगळ्याच बदनामीसह. गर्भलिंग तपासून मुली पाडण्याचं सत्र सुरू झालं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १९९६ पासून लागू झाला आणि २००३ च्या दुरुस्तीनं त्याची पकड घट्ट झाली. कायद्याला यंत्राच्या हेतूशी घेणं नाही. गर्भ दाखवू शकणारं यंत्र म्हटलं की नोंदणी आलीच. कोल्हापूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी, कथाकार लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारं उपकरण बसवायला लावलं. त्याविरुद्ध रेडिऑलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे पाऊल योग्य ठरवलं.

मुतखड्याच्या रुग्णाला याची किंमत मोजावी लागते, हेही खरं. हातात मावणारी यंत्रं निघाली तरी ती गाडीत टाकून गावोगाव सहजासहजी नेता येत नाहीत. कळ आलेल्या माणसानंच यंत्रापाशी यायचं. पण ज्या राज्यात हजारो मुली सोनोग्राफीच्या खोलीतून परतल्याच नाहीत, तिथे हा जाच सोसायलाच हवा, असं मला वाटतं.

‘करतोय काय?’

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रॉबर्ट स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिरेतून औषध न देता केलेला सीटी स्कॅन मूत्रवाहिनीतला खडा उत्तम दाखवतो. खडा कुठल्याही रसायनाचा असो, कुठेही असो, सीटीच्या नजरेतून सहसा सुटत नाही. श्रीमंत देशांत सोनोग्राफी मागे पडली. आपल्याकडे खर्चापायी तीच पहिली राहिली, आणि गरोदर बाईच्या बाबतीत सगळीकडेच.

मग २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रिबेका स्मिथ-बिंडमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांतल्या आपत्कालीन विभागांत खड्याच्या संशयानं आलेल्या २७५९ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली: काहींची आधी सोनोग्राफी, काहींचा आधी सीटी. खडा पकडण्यात सोनोग्राफी बरीच कमी पडली. खरोखर खडा असलेल्यांपैकी ८८ टक्के सीटीनं पकडले, तर सोनोग्राफीनं ५४ ते ५७. पण दुसरा काही गंभीर आजार नजरेतून सुटून पहिल्या महिन्यात गुंतागुंत होण्याचं प्रमाण सगळ्या गटांत क्षुल्लकच, एकूण मिळून अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आणि आधी सोनोग्राफी झालेल्यांना पुढच्या सहा महिन्यांत किरणोत्सर्ग कमी मिळाला. त्यांतल्या काहींना नंतर सीटी लागला, पण सगळ्यांना नाही.

खडा जवळपास निम्म्या वेळा सुटूनही रुग्णाचं बिघडलं नाही, याचं उत्तर तिसऱ्या प्रश्नात आहे. लहान खडे बहुधा आपसूक पडतात. त्यांचा नेमका पत्ता कळला नाही तरी चालतं. वाट अडली आहे का, लघवी तुंबून किडनी फुगली आहे का, हे मात्र कळलंच पाहिजे. पांढुरक्या गाभ्याच्या मधोमध काळं पाणी साठलेलं सोनोग्राफीत सहज दिसतं. कळ सुरू होऊन फार वेळ झाला नसेल तर सूज अजून चढलेली नसते आणि लघवी फार वेळ अडवली तर निरोगी किडनीही थोडी फुगलेली भासते, म्हणून जाणता डॉक्टर लघवी करून यायला सांगतो आणि पुन्हा बघतो.

पुढचा प्रश्नही विचारून झाला आहे: खडा हलवता येईल का? ज्या वॉशिंग्टन विद्यापीठात लुकलुकीचा उलगडा झाला, तिथेच ध्वनिलहरींच्या झोतानं त्वचेबाहेरून किडनीतला खडा ढकलायचं तंत्र घडलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मानवी चाचणीत १५ पैकी १४ जणांत खडा जागचा हलला. शोधणारी लहरच ढकलू लागली.

रिपोर्ट हातात पडला की आपण आधी मिलिमीटर शोधतो. पाच की सात, यावर घरात चर्चा होते आणि शेजारच्यांच्या खड्याशी तुलनाही. तो आकडा थोडा इकडेतिकडे असण्याची शक्यता यंत्राच्या स्वभावातच आहे. त्याच कागदावर किडनीला सूज आहे की नाही, असल्यास किती, याची एक ओळ असते. डॉक्टर आधी ती वाचतात. आपणही आधी तीच वाचावी.